नको म्हटलेली किडनी

फोन आला तेव्हा वहिनी दाजींची ड्युटी लावत होती.

वहिनी म्हणजे दाजींच्या मेहुण्याची बायको. बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावण्यात तिची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे घरच्या माणसांकडेही ती त्याच नजरेनं बघायची. मेहुण्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, चार तास थांबायचं आणि परत आणायचं, हे काम आठ महिने ज्याला जमेल त्यानं केलं होतं. गेल्या गुरुवारी ते कुणालाच जमलं नाही. मेहुणा एकटाच बसनं परत आला आणि जिन्यात चक्कर येऊन खाली बसला. खालच्या मजल्यावरच्या माणसानं त्याला धरून वर आणलं. म्हणून आज रविवारी सकाळी वहिनीनं सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. टेबलावर आखलेला कागद होता आणि तीन रंगांची तीन पेनं.

"सोमवार दाजी. गुरुवार मी. शनिवार आपली भाची," वहिनी म्हणाली. "कुणाला सुट्टी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगायचं. आयत्या वेळी दांडी चालणार नाही."

"ओव्हरटाइम मिळतो का?" मेहुण्यानं विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही प्रवासी आहात."

दाजींची लेक हसली. खिडकीजवळ बसलेल्या सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "जावईबापूंना दांडीचं काय सांगतेस?" त्या सुनेला म्हणाल्या. "पाच वर्षं माझ्या पोरीला नेलं-आणलं त्यांनी. एक दिवस चुकले नाहीत. असा माणूस दिवा घेऊन शोधलास तरी सापडायचा नाही."

दाजींनी चहाच्या कपात बघितलं. चहा केव्हाच संपला होता. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत सासूबाई हे वाक्य चारचौघांत कितीदा तरी बोलल्या होत्या. दर वेळी दाजींना बघायला कप नाहीतर फरशी लागायची.

दुखणं सासऱ्यांकडून आलेलं. किडनीत पाण्याचे फुगे होतात, वाढत जातात आणि चाळिशी-पन्नाशीत किडनी काम सोडते. सासरे गेले तेव्हा त्यांना काय झालं हेही कुणाला धड कळलं नव्हतं. मग दाजींची बायको, मग हा मेहुणा. गेल्या वर्षी लेकीची सोनोग्राफी केली, तिच्याही किडनीत फुगे दिसले. सव्वीस वर्षांची पोर, चष्म्याच्या दुकानात काम करते, आज ठणठणीत आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली होती, "चला, अजून वीस वर्षं तरी आहेत."

सव्वादहाला मेहुण्याचा फोन वाजला. नंबर बघून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

हॉस्पिटलातून किडनीच्या यादीचं काम बघणाऱ्या बाई बोलत होत्या. आवाज शांत, पण घाई कळत होती. एक किडनी आहे. रक्तगट जुळतो. देणारा बत्तीस वर्षांचा, अपघातात मेंदू मृत झालेला. तब्येत आधी उत्तम. "पण एक गोष्ट तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी," बाई म्हणाल्या. "अपघातानंतर त्यांचं हृदय काही मिनिटं बंद पडलं होतं. रक्तदाब बराच वेळ खाली होता. त्यामुळे किडनीला मार बसलाय. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी जितकी कमी चालेल तितका वाढणारा रक्तातला आकडा, ते दाखल झाले तेव्हा एकच्या खाली होता, आज चार पूर्णांक एक आहे."

मेहुण्यानं दाजींकडे बघितलं.

बाई पुढे सांगत राहिल्या. सुईनं तुकडा काढून तपासलाय. जुना आजार नाही, कायमचे व्रण नाहीत, गाळण्या शाबूत आहेत. हा मार बहुतेक वेळा भरून येतो. पण बसवल्यावर किडनी लगेच चालू होईलच असं नाही. काही दिवस, कदाचित काही आठवडे डायलिसिस करावं लागेल. क्वचित एखादी चालूच होत नाही, तेही सांगते. नको म्हणालात तर तुमचा यादीतला नंबर जाणार नाही. सव्वाअकरापर्यंत कळवा, कारण त्यानंतर पुढच्या माणसाला विचारावं लागेल. आणि निर्णय पेशंटचा स्वतःचा हवा.

शेवटचं वाक्य नियम म्हणून सगळ्यांनाच सांगत असतील. पण दाजींना वाटलं, ते आपल्यालाच उद्देशून आहे.

कारण असाच फोन त्यांच्याही घरी आला होता. पावणेपाच वर्षांपूर्वी, सकाळी, बायकोच्या मोबाइलवर. ती न्हाणीघरात केस धूत होती. फोन ओट्यावर वाजला आणि दाजींनी तो घेतला. एक तरुण मुलगा बोलत होता. तोही हेच सगळं सांगणार होता, पण दाजींनी त्याला मध्येच तोडून विचारलं, "रीडिंग किती?" मुलगा म्हणाला, तीन पूर्णांक आठ. दाजींचं दुकान विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीचं. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचं. मीटर लावायचं, आकडा बघायचा आणि माल ठेवायचा की परत करायचा ते ठरवायचं, यात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "असली आम्हाला नको. चांगली आली की कळवा." मुलगा म्हणाला, पेशंटशी बोलू द्या. दाजी म्हणाले, "मी तिचा नवरा बोलतोय." दोन मिनिटांत फोन संपला. आपल्याला कुणी खराब माल गळ्यात मारू शकलं नाही, याचा त्यांना तेव्हा चक्क अभिमान वाटला होता. सात महिन्यांनी डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले आणि बायको तापात गेली.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"चार पूर्णांक एक," वहिनी म्हणाली. "यांचं स्वतःचं सहा आहे. म्हणजे सहावाली काढून चारवाली घालायची?"

"काढत नाहीत गं, तशीच ठेवतात," मेहुणा म्हणाला. "तिसरी बसवतात. मी तीन किडन्यांचा माणूस होणार."

"आणि तिन्ही बंद!"

"दुसऱ्याचं मोडकं कशाला घ्यायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मेल्या माणसाची घ्यायची तर निदान धड तरी घ्यावी. थांब अजून. येईल चांगली."

"आजी, कधी येईल?" लेक म्हणाली. "आईला पाच वर्षांत एकदाही फोन आला नाही. एकदाही! मामाला आठ महिन्यांत आलाय. आई बाहेर पडताना फोन पिशवीत नाही ठेवायची, हातात धरायची. रेंज जाते म्हणून लिफ्टनं जायची नाही. पायी चढायची, त्या अवस्थेत."

दाजी उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"दाजी, तुम्ही बोला," मेहुणा म्हणाला. "या घरात यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्ही म्हणाल तसं करू."

"मी म्हणेन तसं नको. ती बाई काय म्हणाली? निर्णय तुझा."

"माझाच. पण तुम्हाला विचारून."

दाजी खुर्चीच्या कडेवर बसले. "मोटार दोन तऱ्हांनी बंद पडते," ते म्हणाले. "एक जळते. दुसरी नुसती तापून ट्रिप होते. बाहेरून दोन्ही सारख्याच. बटण दाबा, हूं की चूं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जळाली, भरून द्या. मी झाकण काढून आत बघतो. तांबं काळं पडलं असेल, वार्निश जळल्याचा वास येत असेल, तर ती गेली. नाहीतर तिला गार होऊ द्यायचं. थोड्या वेळानं ती स्वतःच्या पायावर चालू होते. नवीकोरी मोटारसुद्धा ट्रिप होते. त्या बाईंनी तुकडा काढून बघितलाय म्हणाल्या ना? म्हणजे झाकण उघडून बघितलंय. आत जळालेलं नाही. आकडा काय, आकडा नुसता आत्ता बंद आहे एवढंच सांगतो."

"म्हणजे मला रिसेटचं बटण बसवणार?" मेहुणा म्हणाला. पण त्याचा चेहरा जरा सैल झाला होता.

"घे असं म्हणताय तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

"माझ्या मतानं घ्यावी."

"दाजी, राग मानू नका. पण हे तुम्ही माझ्या नवऱ्याबद्दल बोलताय. ताईंच्या वेळी असा फोन आला असता, तर घेतली असती तुम्ही?"

भिंतीवर घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"घेतली असती," दाजी म्हणाले.

खोटं इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. सासूबाईंनी मान हलवली. लेकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं त्यांना सोसेना.

वहिनीवर मात्र काही परिणाम झाला नव्हता. "बोलायला सगळ्यांनाच येतं," ती म्हणाली. "डेपोत रोज ऐकते मी. नव्या ड्रायव्हरला सगळे सांगतात, ब्रेक एकदम चांगले आहेत. ती गाडी कुणी चालवलेली नसते. मोटारीचं ठीक आहे हो. असली किडनी घेऊन बरा झालेला एक माणूस दाखवा मला. एक. मी आत्ता यांना घेऊन निघते. नाहीतर नको. आम्ही थांबू."

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या.

मेहुण्यानं सुस्कारा टाकला. "नको म्हणून कळवतो मग," तो म्हणाला आणि फोनकडे हात नेला. त्याची पावलं सुजली होती, चपलेचा पट्टा सर्वांत शेवटच्या भोकात लावला होता. बायकोचीही शेवटी तशीच सुजायची.

"एक माणूस आहे," दाजी म्हणाले. "घड्याळजी."

"कोण घड्याळजी?"

"घड्याळकाका?" लेक म्हणाली. "आईच्या शेजारच्या खुर्चीवर असायचे ते? डायलिसिस चालू असताना सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करून द्यायचे. मग एकदम यायचे थांबले, आईला वाटलं दुसऱ्या सेंटरला गेले. मागच्या महिन्यात बाजारात भेटले मला. सायकलवर होते."

"तेच. त्यांना असलीच बसवलीय. मार बसलेली. साडेचार वर्षांच्या वर झालं."

"अरे वा!" मेहुणा म्हणाला. "मग आधी बोलायचं नाही का? त्यांना फोन लावू."

पण लेकीचा हात दाजींच्या खांद्यावरून निघाला होता. ती चष्म्याचे नंबर तपासताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते तशी बापाकडे बघत होती.

"साडेचार वर्षं म्हणजे तेव्हा आई होती," ती म्हणाली. "आणि काका आईनंतर दोन वर्षांनी आले होते यादीत. आई त्यांना चिडवायची, तुम्ही माझ्यामागे रांगेत आहात, ढकलू नका. दोघांचा रक्तगट एकच. मग त्यांना आधी कसा आला फोन?"

दाजींनी पुन्हा रिकाम्या कपात बघितलं.

"बाबा, त्यांना आधी कसा आला?"

"जुळण्याच्या बाकी भानगडी असतात," दाजी म्हणाले. मेहुण्याचा हात अजून फोनवर होता. अजून एकदा सावरून घेतलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं. दाजींना ते जमलं असतं. सवय होती.

"आधी आपल्याकडेच आला होता," ते म्हणाले. "मी घेतला. मी नको म्हटलं."

"आईनं नको म्हटलं?"

"तिला मी विचारलंच नाही."

वहिनीनं हातातलं पेन खाली ठेवलं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, त्यांनी मान वळवली नाही.

"मी आकडा विचारला आणि नको म्हणून टाकलं," दाजी म्हणाले. "पुढचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ट्रिप आणि जळालेली यातला फरक मला आख्ख्या गावात सगळ्यांत जास्त कळतो. तो मी तिथं बघितलाच नाही. ती गेल्यावर उरलेली औषधं परत द्यायला युनिटमध्ये गेलो, तेव्हा घड्याळजी तपासणीला आले होते. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, आधी कुणीतरी नको म्हटलं म्हणून माझा नंबर लागला. तारीख सांगितली. तीच तारीख."

"आणि तुम्ही मला चार वर्षं सांगताय, नशीब नव्हतं तिचं," लेक म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिला का नाही विचारलंत, दाजी?" मेहुण्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"ती हो म्हणाली असती."

हे उत्तर त्यांनी आधी कधी स्वतःलाही दिलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की खरं तेच होतं. ती थकली होती, ती काहीही घ्यायला तयार झाली असती, आणि मालाची पारख आपल्याला आहे, तिला नाही, असं त्यांना वाटलं होतं.

अकराला दहा मिनिटं कमी होती. सगळ्यांत आधी हलली ती वहिनी. "नंबर आहे का तुझ्याकडे त्या काकांचा?" तिनं भाचीला विचारलं.

लेकीनं डोळे पुसले, फोन लावला आणि टेबलावर ठेवला. घड्याळजींचा आवाज खोलीभर झाला. रविवार असून दुकानात बसले होते. मेहुण्यानं सगळं सांगितलं, आकडाही सांगितला.

"चार? माझी तीन पूर्णांक आठ होती. तुमची थोरली बहीण शोभेल," घड्याळजी म्हणाले. "घाबरू नका. पण खोटं सांगत नाही हं, पहिले पाच आठवडे फार वाईट. किडनी बसवलेली, वर डायलिसिस चालूच. बायको रोज विचारायची, काही झालं का? जसं काही माझं बाळंतपणच. मी डॉक्टरला म्हटलं, साहेब, चावी द्यायला विसरलात का? मग सदतिसाव्या दिवशी नळ सुटला तो सुटलाच! रात्री चारदा उठतो. एवढा आनंद मला लग्नात नव्हता झाला."

वहिनीनं विचारलं, "आता तब्येत?"

"उत्तम. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, बस. आमचे मोटारवाले आहेत का तिथं? त्यांना म्हणावं, दुकानावरून जात नाहीत हल्ली. रस्ता बदलला की काय? त्यांच्या बाईंची फार आठवण येते हो मला. मला म्हणायच्या, मागून ढकलू नका."

मेहुण्यानं आभार मानून फोन ठेवला. मग त्यानं कुणाचाही सल्ला न घेता हॉस्पिटलला फोन लावला. "मी स्वतः बोलतोय," तो म्हणाला. "सगळं समजलंय मला. पाच आठवडे लागले तरी चालतील. हो. घेतो."

मग एकच धावपळ झाली. फाइल, चादर, मोबाइलचा चार्जर. वहिनीनं डेपोतल्यासारख्या सूचना केल्या. दाजींनी सवयीनं गाडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. दवाखान्याला न्यायचं म्हणजे आपण, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

लेकीनं त्यांच्या आधी किल्ली उचलली. "तुम्ही नको," ती म्हणाली. "मी नेते."

वहिनी बापलेकीच्या मधून वाट काढत निघाली. मेहुणा दारात क्षणभर थांबला. दाजींना वाटलं, काहीतरी बोलेल. त्यानं नुसता दाराच्या चौकटीला हात टेकला, पायरी बघितली आणि बायकोला धरून खाली उतरला.

घरात दाजी आणि सासूबाई उरल्या. दाजींनी कपबशा उचलून मोरीत नेऊन ठेवल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. परत आले तेव्हा त्या होत्या तशाच बसल्या होत्या.

"फोन आला तेव्हा ती कुठं होती?" त्यांनी विचारलं.

"न्हाणीघरात. केस धूत होती."

"दार बंद होतं?"

"हो."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना एवढंच विचारायचं होतं. पुढचं त्यांना सुचण्यासारखं नव्हतं आणि दाजींनी सांगितलं नसतं, तर ते जगात कुणालाही कधीच कळलं नसतं. दाजी दोन पावलं त्यांच्याजवळ गेले.

"आई, अजून एक आहे. ती बाहेर आली आणि तिनं विचारलं, फोन कुणाचा होता. तिला पाण्याच्या आवाजातही वाजलेला ऐकू गेला होता. डोक्याला पंचा तसाच, कपाळावरून पाणी गळत होतं. घाईनं आली होती." दाजी थांबले. "मी म्हटलं, राँग नंबर."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच दाजींनी नजर खाली घातली नाही.

"त्यानंतर सात महिने ती फोन उशाला घेऊन झोपायची," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही शेजारी होतात."

"हो."

टेबलावर दाजींचा फोन वाजला. लेकीचा होता. त्यांनी घाईनं घेतला. पलीकडून ती म्हणाली, "आजीला द्या." त्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाई ऐकत राहिल्या, "बरं" म्हणाल्या, पुन्हा "बरं" म्हणाल्या आणि फोन परत दिला. तोवर तो बंद झाला होता.

"पोचलेत. तपासण्या करून दुपारी आत नेणार आहेत," त्या म्हणाल्या. "ती रात्री इथं येईल, माझ्यासोबत झोपायला."

"मग मी निघतो तोवर," दाजी म्हणाले. "तिला मी नजरेसमोर नको असेन."

"नकोच असाल." सासूबाईंनी खुर्चीकडे बोट केलं. "तरी बसा. आत्ता मला सांगितलंत ते तिला सांगायचंय तुम्हाला. मी ऐकून घेतलं म्हणून सुटलात असं समजू नका. मी तिच्या आईची आई आहे. मी तिच्या वतीनं काही ऐकून घेणार नाही, आणि माफ तर मुळीच करणार नाही. ते तिचं ती बघेल."

दाजी खुर्चीवर बसले. अजून साडेअकराही वाजले नव्हते.